विटका हिरवा

ओमानमधल्या सहममध्ये मी जर्सी छापायचं दुकान चालवतो. दुकान अर्बाबच्या, म्हणजे इथल्या अरबी मालकाच्या नावावर, गल्लाही त्याचा, डोकेदुखी तेवढी माझी. इथे प्रत्येक मोहल्ल्याचा स्वतःचा फुटबॉल संघ असतो आणि शुक्रवारच्या सामन्याची जर्सी प्रत्येकाला गुरुवारी आठवते. रायगडातल्या आमच्या खाडीकाठच्या गावातून मी शिंपी म्हणून आलो. आता शिवण कमी आणि नंबर चिकटवणंच जास्त, तरी लोक मला मास्टर म्हणतात. माझा रंग पसंत नाही असं कोणी म्हटलेलं मला खपत नाही. त्यामुळे युक्रेनहून आलेल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडचा प्रत्येक हिरवा मान हलवून बाजूला सारला, तेव्हा माझं डोकं फिरलं होतं.

त्याला घेऊन आली होती त्याची मुलगी. तिचा नवरा इथलाच, डॉक्टर. तिकडे शिकायला गेला आणि डिग्रीबरोबर तिलाही घेऊन आला. इतक्या वर्षांत ती अरबी तर शिकलीच, शिवाय आम्हा दुकानदारांची हिंदीही शिकली. लढाई तिच्या गावाजवळ आली तेव्हा तिने एकट्या राहिलेल्या बापाला इकडे आणलं. पहिल्या दिवशी त्याला बाहेर खुर्चीवर बसवून ती आत आली आणि हळू आवाजात बोलू लागली. बापाला परत जायचं होतं. गाव शत्रूच्या हाती गेलं नव्हतं, पण तोफगोळे पडत होते. तो मात्र बॅग भरून दाराशी ठेवायचा आणि रोज तिकिटाचं विचारायचा. त्याच्या जुन्या क्लबची एक जर्सी, पाच नंबरची, हुबेहूब करून मिळाली तर त्याचं मन इथे रमेल, अशी तिला आशा होती.

"उसको ये मिलेगा तो वो बैठेगा, मास्टर," ती म्हणाली.

मी छाती फुगवून इन्शाल्ला म्हटलं. एका जर्सीची ती काय गोष्ट!

क्लबची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. तो बोलायचा, ती सांगायची, आणि ती नसली की हातवारे आणि मोबाइल. गाव साखर कारखान्याचं, साखर बिटाची. ते ऐकून मी उत्साहाने बीटरूटच्या रंगाचं कापड काढलं, तर म्हातारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. साखरेचं बीट पांढरं असतं म्हणे. आमच्याकडे साखर उसाची होते असं मी सांगितलं, तेव्हा मी थापा मारतोय असं त्याला वाटलं असावं.

क्लब कारखान्याच्या कामगारांनीच काढलेला. खेळाडू पाळीवर काम करून सरावाला यायचे, आणि बिटाच्या हंगामात ट्रकांची रांग मैदानाच्या फाटकापर्यंत आली की सराव बंद. संघ खेळायचा तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये. त्याच्या खाली फक्त चिखल, असं म्हातारा म्हणायचा. एका वर्षी मात्र वरच्या लीगमध्ये जायला एकच गोल हवा होता, आणि शेवटच्या मिनिटाला पाच नंबरच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू खांबाला लागून परत आला. त्या खांबाबद्दल गाव पुढे कित्येक वर्षं बोलत राहिलं. मग देश बदलला, कारखाना लंगडायला लागला आणि खेळाडूंना पगाराऐवजी साखरेची पोती मिळू लागली. सामन्याच्या सकाळी ते बाजारात साखर विकायचे आणि दुपारी खेळायचे. शेवटी यंत्रं भंगारात गेली, आणि हंगाम अर्धा झालेला असताना क्लब बंद पडला. उरलेले सामने न खेळताच हरले, अशी नोंद झाली. मैदानात हरण्याचं त्याला काही वाटत नसे, सवयच होती. न खेळता हरलो, हे त्याला अजून गिळता येत नव्हतं.

तो स्वतः खेळाडू नव्हता. संघाचे कपडे धुणं, वाळवणं, घड्या घालणं हे त्याचं काम. त्या शेवटच्या रविवारसाठीही त्याने जर्सी धुऊन ठेवल्या होत्या, पण बस आलीच नाही. त्या तशाच त्याच्या ट्रंकेत राहिल्या. परवापरवा तोफगोळा पडून घर जळालं, त्यात ट्रंकही गेली. घराबद्दल तो फारसा बोलत नसे. ट्रंकेबद्दल बोले.

तर हा हिरवा. गडद दाखवला, नाही. पोपटी, नाही. शेवाळी दाखवला तेव्हा क्षणभर थांबला, मग पुन्हा नाही. मी चरफडत कापडं आवरत होतो आणि अचानक माझ्या लक्षात आलं. नवी जर्सी त्या क्लबला परवडतच नव्हती. एकच संच हा माणूस वर्षानुवर्षं धूत होता. त्याच्या डोळ्यांत बसलेला रंग कुठल्याच कारखान्यातून निघालेला नव्हता, तो त्याच्या हाताने विटलेला होता.

मी रुस्ताकच्या बाजारात जाऊन सुती कापड आणलं. कच्च्या रंगाचं हवं म्हटल्यावर तिथला कापडवाला माझ्याकडे बघतच राहिला. जन्मभर त्याला लोकांनी पक्का रंग मागितला होता. जर्सी शिवली, पाठीवर पांढरा पाच लावला. पुढचं काम म्हाताऱ्याने माझ्या हातून काढून घेतलं. दुकानामागच्या नळावर तो ती धुवायचा आणि गच्चीवर खालच्या काठाला चिमटे लावून उलटी टांगायचा, म्हणजे खांद्यावर वळ उठत नाहीत. मग ऊन आपलं काम करायचं. सहमचा उन्हाळा, कुत्रीसुद्धा गाड्यांखालून हलत नाहीत, आणि हा रोज पांढरी टोपी घालून हजर. हे फडकं कसलं म्हणून अर्बाब एकदा बघायला आला. सगळं ऐकून म्हणाला, उन्हापासून वस्तू वाचवायला लोक पैसे मोजतात आणि मास्टर फुकट खराब करतोय. पण जाताना म्हाताऱ्यासाठी एक खुर्ची वर पाठवून दिली.

मला त्याचा लळा लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी आम्ही गच्चीवर चहा घेत बसायचो. फार बोलणं होत नसे. माझा बाप गेला तेव्हा मी इथेच होतो, त्याच्या मातीला पोचलो नाही. हा म्हातारा शेजारी बसला की ती सल थोडी कमी व्हायची, का ते मला सांगता येत नाही.

एक दिवस मुलगी हसतच आली. बापाने बॅगेतले कपडे काढून कपाटात लावले होते. तिने माझ्यासाठी मधाचा केक आणला होता, आणि आम्ही दोघांनी तो दुकानात उभ्याउभ्या खाल्ला. त्याच आठवड्यात जर्सीला रंग आला. वाळलेल्या कढीपत्त्याचा असतो ना, तसा. म्हाताऱ्याने ती उतरवली, उजेडात धरली आणि तिचा वास घेतला. मग नंबर वर येईल अशी घडी घातली आणि मला मिठी मारली. मी खुळ्यासारखा खूश झालो.

काही दिवसांनी ती एकटीच आली आणि त्याच्या खुर्चीवर बसली. तो गेला होता. नवऱ्यानेच शेवटी तिकीट काढून दिलं, म्हाताऱ्या माणसाला कैद्यासारखं किती दिवस ठेवायचं. विमानाने पोलंड, तिथून बस.

मग तिने मला ते सांगितलं जे तिलाही त्याने आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्या क्लबची एक रीत होती. जुना खेळाडू वारला की त्याच्या नंबरची जर्सी शवपेटीत ठेवायची, आणि ती म्हाताऱ्याने आपल्या ट्रंकेतून काढून द्यायची. एकेक करत सगळे आपापली जर्सी घेऊन गेले. पाच नंबरचा तेवढा उरला होता, त्याच गावात, अंथरुणाला खिळलेला. त्याची जर्सी ट्रंकेबरोबर जळाली होती. आणि बॅगेतले कपडे काढले होते ते आत जर्सी नीट सपाट राहावी म्हणून.

मी भडकलो. मेलेल्या माणसाला रंग काय कळणार, असं म्हणालो. अजून मेला नाही, ती म्हणाली, बाबा आधी त्याला दाखवणार आहेत.

रस्त्याकडे बघत ती म्हणाली, "तुम रंग गलत बनाता तो अच्छा था, मास्टर."

करायला गेलो गणपती, झाला मारुती. आमच्यात मय्यतीच्या कपड्याला शिलाई नसते. सगळ्यांना एकच पांढरं कापड, त्यावर ना नाव ना नंबर. आणि मी शिंप्याने टाका न् टाका मोजून कुणाचं कफन शिवलं होतं, तेही न कळता.

थंडीत पाच नंबर वारला. जर्सी कामाला आली. आता तरी या, असं मुलगी फोनवर सांगत राहिली, पण म्हातारा त्या मित्राच्याच रिकाम्या घरात राहतो आणि परत यायचं काढलं की हवापाण्याचं बोलतो. हे सगळं तिने मला गेल्या महिन्यात सांगितलं. आणि जाता जाता म्हणाली, तशीच अजून एक जर्सी हवी आहे.

कितवा नंबर, मी विचारलं.

"नंबर नहीं. कपड़ा धोने वाले का नंबर नहीं होता."

समजायचं ते मला समजलं. तोंडातून मात्र सवयीने निघालं, कधीपर्यंत हवी.

"जल्दी नहीं है, मास्टर," ती म्हणाली. "बिल्कुल जल्दी नहीं है."

जर्सी शिवून झाली आहे. गच्चीवर टांगली आहे, खालच्या काठाला चिमटे लावून, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. ऊन सरकत तिच्यापर्यंत आलं की मी काम टाकून वर जातो आणि ती पुन्हा सावलीत नेऊन टांगतो.