कॅमेऱ्याची टोपी

"त्याले पापणी नाई, म्हणून टोपी शिवून राह्यली," शमसुन्निसा म्हणाली आणि तिनं दातानं दोरा तोडला.

रंजीतानं तिला पहिल्यांदा पाहिलं ते हे बोलताना. मूल गावच्या बसस्टँडमागच्या त्या दुकानाचे दोन भाग होते. पुढं तिच्या मुलाचं, अयूबचं सायबर कॅफे, मागं शिलाई मशीनवर ती स्वतः. आधी सगळं दुकान तिचंच होतं. नवरा गेल्यावर याच मशीनवर तिनं घर चालवलं, आणि अयूबनं कॉम्प्युटरचं नाव काढलं तेव्हा कापड बेतायचं टेबल स्वतःच मागं ओढून घेतलं. मॉनिटर, कीबोर्ड, सगळ्यांना तिनं उरल्यासुरल्या छिटाची झालरवाली कव्हरं शिवली होती. २००८ च्या सुमारास वेबकॅम आले. त्यांना इलास्टिकच्या टोप्या.

"अम्मी, गिऱ्हाईक हासते," अयूब कुरकुरायचा.

"हासू दे. कपडे घालून पाहाच्या जागी मी आरसा ठेवतो. खिडकी नाई ठेवत."

रंजीता मुलचेऱ्याजवळच्या बंगाली वस्तीतली. मूलला होस्टेलवर राहून बारावी करत होती. वडील नव्हते. थोरला भाऊ दिनेश तळ्यात मासे पाळायचा, त्यावर घर आणि तिचं शिक्षण चाले. रविवारी ती मैत्रीण नाहीदबरोबर कॅफेत येई. दोघींना इंटरनेटवरच्या कॅरमचं वेड लागलं होतं. समोर खेळणारा कोण, कुठला, काही कळत नसे. सोंगटी भोकात गेली की हेडफोनमध्ये टाळ्या वाजत. सुरू होताना तो खेळ कॅमेरा आणि माइक वापरू का म्हणून विचारी, आणि हो म्हटल्याशिवाय पुढं जाऊ देत नसे. दोघी हो म्हणत. कॅमेऱ्यावर टोपी होती, मग भीती कसली?

त्या रविवारी खेळ बंद करून दोघी तिथंच बोलत बसल्या. रंजीताला नर्सिंगच्या मुलाखतीसाठी नागपूरला बोलावलं होतं. नेमके त्याच दिवशी तिला पाहायला घरी पाहुणे येणार होते.

"मुलचेऱ्याच्या पीसीओवर फोन करतो, ताप आला म्हणतो," ती नाहीदला म्हणाली. "दिनेशदादाले समजलं तर शिकणं बंद."

बंद केलेला खेळ पडद्यावर आपोआप उघडला. त्यात समोरच्या खेळाडूची एक ओळ उमटली. मुलचेऱ्याच्या पीसीओवर मीच दिनेशदादाला सांगू का? तिच्याखाली दुसरी. टोपी काढ.

खेळ बंद झालाच नव्हता. पडद्याआड गेला होता, इतकंच. टेबलावर ठेवलेल्या हेडफोनचा माइक एकेक शब्द पिऊन घेत होता. रंजीताला वाटलं, आपला आवाज आपल्याला न विचारता घराबाहेर पडला आणि कुठल्या तरी परक्या खोलीत जाऊन बसला.

नाहीद रडत मागं पळाली. मशीनचा खडखडाट थांबला. शमसुन्निसाला पडद्यावरचं वाचता येत नव्हतं. रंजीतानं वाचून दाखवलं.

"मी डोळ्याचीच टोपी शिवली," शमसुन्निसा म्हणाली. "कानाचं मले सुचलंच नाई."

अयूब वायर उपटायला धावला. तिनं त्याला हातानं मागं सारलं, रंजीताला खुर्चीवरून उठवलं, ओढणी सारखी केली आणि स्वतः बसून टोपी काढली.

"दिसून राह्यली का, बाबू? टोपी काढ म्हणत होता, काढली. आता पाहा."

पडदा गप्प.

"काऊन रे, आता का झालं? तुही माय घरी असन तर तिले बसव इथी. तुले काय पाहाचं होतं, तिलेच विचारतो."

ओळ आली नाही. खेळणाऱ्यांच्या यादीतून एक नाव नाहीसं झालं. नाहीद रडता रडता हसली, अयूबही हसला. रंजीताला मात्र हसू येईना.

"खाला," ती शमसुन्निसाला म्हणाली, "तो सांगन दादाले."

"त्याच्या आधी आपण सांगू."

"दादा मले परत नाई पाठवणार."

"तं नाई पाठवणार. पण तुह्या घरची गोष्ट त्या डब्यातल्या पोट्ट्याच्या हाती काऊन द्याची?"

पुढं नर्स झाल्यावर रंजीता रोग्याभोवतीचा पडदा ओढून घ्यायची, हळू आवाजात विचारायची. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, एका बाईकडून शिकले. आईनं जन्म दिला, दादानं पोसलं, आणि हे तिसरं देणं मूलच्या त्या बाईचं, हे तिच्या मनात पक्कं होतं.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं रंजीता आणि शमसुन्निसा दिनेशच्या घरी गेल्या. दिनेश अंगणात जाळं विणत होता. शमसुन्निसानं कॅफेत घडलेलं सगळं सांगितलं. नागपूरचं तेवढं सांगितलं नाही.

"तुमच्या दुकानात असं होते, अन तुम्ही मलेच समजवाले आल्या?" तो म्हणाला.

"समजवाले नाई आली, भाऊ. बोलणं माह्या दुकानातून बाहेर गेलं, ते सांगाले आली. बाकीचं ही सांगन."

रंजीतानं सांगितलं. मुलाखत, पाहुणे, ताप. दिनेशची सुई जाळ्यात अडकून राहिली.

"ताप आला म्हणणार होती?"

"हो."

"मी हातातलं टाकून मूलले धावत आलो असतो. हे नाई सुचलं तुले?"

रंजीता त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. आई, अन्नपूर्णा, चहा घेऊन आली आणि दाराशीच थांबली.

"पाहुण्यांले पुढची तारीख देतो," तो जाळ्याकडं पाहत म्हणाला. "नागपूरले संग कोण येते?"

"तू ये."

"माशांले खाणं कोण टाकन?"

"मी टाकतो," आई म्हणाली.

"अन राहाचं कुठी? ते तरी विचारलं का, का तिथीबी ताप आला म्हणशील?"

रंजीता रडत होती आणि हसतही होती. राहायचं कुठं, किती वर्षं, शिकून झाल्यावर काय, तो एकामागून एक विचारत गेला आणि ती सांगत गेली. इतकं ती त्याच्याशी कधी बोललीच नव्हती. बोलता बोलता ती खालाकडं वळली.

शमसुन्निसानं रिकामा कप भिंतीशी ठेवला होता. तिनं चपला घातल्या, ओढणी डोक्यावर घेतली, आणि भावाबहिणीचं बोलणं त्यांच्यावरच सोडून, अंगणातून बाहेर पडून ती रस्त्याला लागली.