हिरड्यांचा किल्ला

मिलच्या फाटकासमोर तो डोंगरातले हिरडे विकायला बसायचा. आधी त्या हिरड्यांचा किल्ला रचायचा आणि मग सह्याद्रीतल्या गडाची गोष्ट सुरू करायचा. गडावर फौज उरली नव्हती, म्हणून किल्लेदाराच्या बायकोने तटावर रंगीत लुगडी वाळत घातली. गनिमाला ती निशाणं वाटली! मध्येच कुणी हिरडा उचलला, की तो हात अडवायचा.

"थांबा की! तट पाडू नगा. गनीम अजून खाली हाय."

घरी आई हिरड्याची वाट बघत खोकत असायची आणि मी, चांगला शाळामास्तर, गनीम पळेपर्यंत ताटकळत उभा.

एकदा चार दिवसांची रजा मिळाली. तो गड बघायचाच, असं ठरवून मी त्याला विचारलं, "कुठल्या स्टेशनावर उतरायचं?"

पहिल्यांदाच त्याने स्वतः तटाचा एक हिरडा काढला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, मी माढ्याचा. डोंगर कुटं बघितलाय? बघितला असता, तर एवढा उंच सांगता आला असता व्हय?"

चारही दिवस मी त्या फाटकासमोरच काढले. गड रोज पुरुषभर वाढत होता.