दादाचा गुडघा आणि माझी लेक

माझ्या दादाला जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही. पन्नाशीही गाठलेली नाही, तरी उठताना भिंत धरतो. लोकांना मात्र त्याचे गोल आठवतात. आठवू देत, त्यांच्या बापाचं काय जातं?

दादा फुटबॉल क्लबचा स्ट्रायकर होता. पुढे उभं राहायचं, लाथा खायच्या आणि गोल करायचा. गुडघा पहिल्यांदा सुजला तेव्हा क्लबच्या डॉक्टरने मॅचआधी सुई टोचली. दुखणं गेलं, म्हणजे कळेनासं झालं. मग दर मॅचला सुई. घरी आला की आई त्याचा गुडघा शेकत बसायची आणि त्याच्या कोचला शिव्या घालायची. दादाच्या लेखी तो कोच देवमाणूस. सुई टोचताना पाय हलू नये म्हणून हा देवमाणूस स्वतः त्याचा पाय दाबून धरायचा. एका मॅचमध्ये गुडघ्यात आतलं काहीतरी तुटलं, आणि बधिर पायाला ते कळलंच नाही. दादा शेवटपर्यंत खेळला आणि त्यानंतर कधीच खेळला नाही. देवमाणूस दवाखान्याकडे फिरकलासुद्धा नाही.

दुसरं काही येत नव्हतं म्हणून दादा कोच झाला. चांगला झाला, हे रागातही कबूल करते. क्लबच्या मुलींचा संघ त्याने शून्यातून उभा केला. माझी लेक त्यातली स्ट्रायकर. पोटची पोर माझी, पण मैदानावर चाल सगळी मामाची.

दादाचं एक खूळ होतं. फार पूर्वी उसने बूट घालून त्याने रिकाम्या गोलसमोरून चेंडू बाहेर मारला होता. तेव्हापासून नियमच केला, दुसऱ्याच्या बुटात कोणी मैदानात उतरायचं नाही. गुडघ्याने शिकवलेलं विसरला, बुटांचं लक्षात ठेवलं.

सेमीफायनलला लेकीचा गुडघा सुजला. मी निर्धास्त होते. म्हटलं, मामाच बाहेर बसवेल तिला. फायनलच्या दिवशी भेटायला म्हणून ड्रेसिंग रूममध्ये शिरले, तर लेक टेबलावर आडवी, डॉक्टर सुई भरतोय आणि दादाने दोन्ही हातांनी तिचा पाय धरलाय.

"दादा, हात काढ."

"अगं, फायनल आहे. एकच सुई."

"तुझीही पहिली एकच होती."

"मी जबरदस्ती केलेली नाही. विचार तिला."

लेक म्हणाली, "आई, तू बाहेर जा बघू. मला खेळायचंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा शहाणा स्वतःचं तोंड पोळून माझ्या पोरीला उकळतं दूध पाजत होता. वर म्हणे, तीच मागतेय. विशीतल्या पोरीने फायनलच्या दिवशी दुसरं काय मागावं?

मी बाकाखालचे तिचे बूट उचलले आणि पिशवीत कोंबले.

"मी चालले. आता उतरव तिला उसन्या बुटात, हिंमत असेल तर."

दादा माझ्यामागे धावला. चार पावलं धावला आणि दाराची चौकट धरून उभा राहिला. मी मागे वळून बघितलं, पण थांबले नाही. त्या क्षणी मला त्याची कीव आली नाही, संताप आला.

संघातल्या मुलींनी आपापले बूट पुढे केले म्हणे. दादाने एकही घालू दिला नाही. लेक बाहेर बसली, संघ हरला, आणि क्लबने दादाला नारळ दिला. "तू माझा घास हिरावलास," असं तो मला तोंडावर म्हणाला. हिरावला असेल. तो घास माझ्या लेकीच्या पायावर शिजत होता.

दुसऱ्या दवाखान्यात दाखवलं, तर गुडघ्यातली दोरी, लिगामेंट म्हणतात ती, अर्धी फाटलेली निघाली. त्या दिवशी खेळली असती तर उरलेली गेली असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. लेकीने ऐकलं, पण माझ्याशी बोलली नाही. मग पट्ट्या झाल्या, व्यायाम झाले, महिने गेले. अबोला तसाच.

आज सकाळी ती पहिल्यांदा पळायला निघाली. मी "सांभाळून जा" म्हटलं, तर दार धाडकन आपटून गेली. आपटू दे. मी खिडकीतून बघितलं, कोपऱ्यापर्यंत पळत गेली.