आकड्यातला स्वल्पविराम

रत्नागिरीत ज्या कार्यालयात मी आकडेवारीचं काम करायचे, तिथून दर महिन्याला एक तक्ता मुंबईला जायचा. कुठल्या बंदरावर किती किलो मासळी उतरली, एवढाच. तो साध्या मजकुराच्या फायलीत पाठवायचा, दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. फाईल काढताना पडद्यावर पर्याय यायचे. त्यातला 'आकड्यांत स्वल्पविराम नको' हा मी न चुकता निवडायचे.

मग नवे साहेब आले. तक्ता बघून म्हणाले, "हे वाचायचं कसं? हजारानंतर स्वल्पविराम टाका."

"साहेब, तिकडचं मशीन त्याला नवा रकाना समजेल. आकडा मधेच तुटेल. टाकायचाच तर आकडे अवतरणचिन्हांत ठेवूया."

"ती चिन्हं घाण दिसतात. सांगितलंय तेवढं करा."

मी केलं. याचा राग मला आजही साहेबांइतकाच स्वतःवर येतो.

काही महिन्यांनी बुरोंडीच्या छोट्या बंदरावरची एक बाई एसटीने आली. मासे विकणारी, तिथल्या बायकांच्या गटाची प्रमुख. तिच्या हातात पत्र होतं. बर्फाच्या कारखान्यासाठी विचारात घेतलेल्या गावांच्या यादीतून बुरोंडी वगळली होती. कारण लिहिलं होतं, महिन्याची मासळी बारा किलो.

"मॅडम, बारा किलो तर माझ्या एका पाटीत असतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. मला तेच जास्त लागलं.

मी जुनी फाईल उघडली. बारा हजारांचे बारा झाले होते, उरलेले आकडे पुढच्या रकान्यात सरकले होते. मोठ्या बंदरांचे आकडेही असेच तुटले होते, पण ती बंदरं मुंबईत माहीत होती, म्हणून कुणीतरी ते हाताने दुरुस्त केले. बुरोंडीसाठी कोण थांबणार?

मी तिला साहेबांकडे नेलं. त्यांनी तिला बसायलाही सांगितलं नाही. माझ्याकडे बोट केलं. "यांच्या हातून चूक झाली. खुलासा घेतो."

टेबलावर येऊन मी खुलासा लिहिला: मी काय सुचवलं, त्यांनी काय सांगितलं, शब्द न बदलता. दोन्ही प्रकारच्या फायली छापून सोबत जोडल्या.

साहेबांनी वाचून कागद परत सरकवला. "हे असं चालणार नाही."

"झालं ते असंच झालं, साहेब."

त्या बाईसमोरच मी खुलासा आवक टेबलावर नोंदवून त्याची पोच घेतली आणि प्रत तिच्या हातात दिली. तिने ती मुंबईला पाठवली. यादी दुरुस्त झाली, बुरोंडीचं नाव परत आलं. पण कारखाना तोवर दुसऱ्या गावाला मंजूर झाला होता. माझी बदली झाली. साहेबांना कुणी काही विचारलं नाही. बुरोंडीच्या बायका अजून बाहेरून टेम्पोने बर्फ आणतात, आणि उन्हाळ्यात त्यातला निम्मा वाटेतच वितळतो.