घंटेतला कापूस

पाय मोडून मी अंथरुणाला खिळले, तेव्हा सूनबाईने देवघरातली पितळी घंटा माझ्या उशाशी आणून ठेवली. म्हणाली, "आई, काही लागलं तर वाजवा."

हीच घंटा मी माझ्या सासूबाईंच्या उशाशी ठेवली होती. त्यांची एक बाजू लुळी पडली होती, वाचाही गेली होती. दुपारी माझा डोळा लागावा म्हणून मी घंटेत कापूस कोंबायचे. एकदा दारातून पाहिलं. त्या घंटा हलवत होत्या, कान देऊन ऐकत होत्या, पुन्हा हलवत होत्या. मी जाऊन आडवी झाले.

पुढे शाळेत मराठी शिकवताना मी काव्यगत न्याय समजावून सांगायचे. ज्याने जसं छळलं, तसंच त्याच्या वाट्याला येतं. मुलं खूश व्हायची, मीही. दुसऱ्याच्या गोष्टीत हा न्याय फार गोड लागतो.

आता दुपार झाली आहे. सुनेच्या खोलीचं दार लागल्याचं ऐकू आलं. मी घंटा उचलून आत बोट फिरवलं. कापूस नाही. पोर गुणाची आहे, मला ठाऊक आहे.

घसा कोरडा पडलाय, पण घंटा वाजवायची भीती वाटते. ती खणखणीत वाजली आणि तरीही कोणी आलं नाही, तर?