खंडेनवमीला ओढलेली वायर

अंबाबाईवर मी आयुष्यात एकदाच रागावले. तो राग लपवून हा अनुभव सांगितला, तर ते खोटं होईल.

खंडेनवमीला विद्यापीठातल्या आमच्या विभागात संगणकाची पूजा झाली. ओलं हळदकुंकू आणि वीज एकत्र नको, म्हणून शिपाई तात्यांनी चालू मशीनची वायर भिंतीतून सरळ ओढून काढली. दसऱ्यानंतर मशीन लावलं, तर त्यावरची लिनक्स प्रणाली सुरू होता होता अर्ध्यातच थांबली. डिस्क बिघडली आहे, तपासा, एवढंच पडद्यावर. राधानगरीकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून दोन पावसाळे फिरून गोळा केलेली जुन्या भातवाणांची माहिती आत होती. वह्या त्याच पावसात भिजून गेलेल्या. फ्लॉपीवर उतरवून ठेवलं नाही, हा दोष माझा. प्रबंध आठ दिवसांत द्यायचा होता, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली.

बोलावलेला दुरुस्तीवाला उभ्या उभ्याच म्हणाला, "फॉरमॅट मारूया की!" म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसूनच टाकायचं.

"पोरी, घाबरू नगंस," तात्या म्हणाले. "अंबाबाईला नारळ बोललोय."

"तिच्याच नवरात्रातल्या पूजेत गेलं न्हवं सगळं? आता नारळ कशाला?" मी ओरडले. तात्यांनी मान खाली घातली. मला दयाही आली नाही.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. कुरुंदवाडचे, पुतणीच्या दाखल्यासाठी आलेले.

"पावणं, परीक्षा विभाग पलीकडं हाय," तात्या म्हणाले.

त्यांची नजर पडद्यावर होती. "फॉरमॅट करू नका. कशाला हातच लावू नका." बिघडलेल्या डिस्कमधली माहिती परत काढायची, हेच काम ते बेंगळुरात करत. त्यांनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, आधी तिची जशीच्या तशी नक्कल घेतली आणि मग त्या नकलेवर दुरुस्ती चालवली. दुपारी फायली निघाल्या. फायलींची नावं गेलेली, त्यांच्या जागी नुसते आकडे. "एकेक उघडून ओळखा," ते म्हणाले. दाखल्याची खिडकी तोवर बंद झाली होती. "उद्या येतो की!" म्हणून निघूनही गेले. मी नाव विचारलं नाही.

पहिली फाईल उघडली. जोंधळा जिरगा, काळा जिरगा... ही भातं सांगणारे शेतकरी आजोबा उन्हाळ्यातच वारले होते. मी तात्यांना हाक मारली आणि सगळी यादी मोठ्यानं वाचून दाखवली. ते टोपी काढून ऐकत राहिले.

चालू मशीनची वायर ओढू नये, हे मी देवीपुढंही म्हणेन. पण माझी सगळी हुशारी संपली तेव्हा कुणीतरी स्वतःचं काम सोडून माझ्यासाठी थांबलं. त्याला कृपा म्हणायला मी आता कचरत नाही.