पायावरचा हात

वलगावात श्रावण मिस्त्रीचं गॅरेज कुठे आहे म्हणून विचारलं, तर लोक पत्ता असा सांगतात: जिथे गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतील आणि त्या पायांशी एक बाई बसलेली दिसेल, तिथे थांबा. पाय श्रावणचे. बाई म्हणजे चतुराबाई, त्याची बायको. मांडीवर ताट, ताटात तुरीची डाळ, डावा हात डाळीत आणि उजवा हात नवऱ्याच्या पायावर. नवं गिऱ्हाईक आधी चमकतं, मग हसतं. हसणाऱ्यानं खुशाल हसावं. चतुराबाईचं त्याच्याकडे लक्षच नसतं. ती जॅककडे बघत असते.

ही सवय अकोल्याची. लग्न नवं होतं तेव्हा श्रावण तिथे कुर्बान उस्तादांच्या हाताखाली काम शिकत होता. एका दुपारी ती डबा घेऊन गेली, तर उस्ताद एका जीपखाली पडून काहीतरी गुणगुणत होते. तिनं डबा खाली ठेवला आणि त्याच क्षणी जॅक सटकला. गुणगुणणं मधेच तुटलं. त्यानंतर खालून काहीच ऐकू आलं नाही, आणि ते काहीच ऐकू न येणं तिच्या कानात कायमचं बसलं. श्रावण थोड्याच दिवसांत पुन्हा गाड्यांखाली जाऊ लागला, कारण दुसरं काही काम त्याला येत नव्हतं. आणि चतुराबाई त्याच्या पायाशी येऊन बसू लागली, कारण तिला घरात बसवेना.

अकोल्याला सरकारी नोकरीत असलेली त्यांची मुलगी दीपमाला फोनवर चिडायची. "आई, तू काहून बसून राहते वं तिथे दिवसभर? काही काम असते काय तुले?" चतुराबाई म्हणायची, "काही नाही बाप्पा. डाळ निवडतो."

तिला लाज वाटायची ती एकाच गोष्टीची. श्रावण गाडीखाली गेला की त्याच्या पायावरचा तिचा हात थरथरायचा. दाबून धरला तरी थरथरायचाच. श्रावण खालून ओरडायचा, "चतुरा, तुहा हात कापून राहिला वं! गुदगुल्या होतात ना मले!" बाहेर आला की गिऱ्हाइकाला डोळा मारून सांगायचा, "बायको भेते आमची. आपण नाही भेत कोणाले." गिऱ्हाईक हसायचं. ती मान खाली घालायची. आपली भीती या हातातून त्याच्या पायात उतरली आणि ऐन वेळी त्याचा पाना चुकला तर काय, या विचारानं ती आणखीच घाबरायची.

या मे महिन्यात शेंदूरजनाघाटच्या धर्मेंद्रनं एक गाडी आणली. संत्र्याचा मोठा व्यापारी. गाडी त्याच्या आजोबांनी घेतलेली लँडमास्टर, अँबेसिडरच्याही आधीची. त्याची मुलगी भावना हिची लग्नातली पाठवणी याच गाडीतून करायची, असं घरात ठरलेलं. पण गाडी एका खड्ड्यातून गेली की पुढचा खड्डा येईपर्यंत पाळण्यासारखी हलत राहायची. शॉकअप पार संपले होते. आताचे असतात नळीसारखे; हिचे लोखंडी डबीचे, बाजूला दांडी असलेले. धर्मेंद्रनं ते कुठूनशा भंगारातून धुंडाळून आणले, श्रावणनं उघडून, धुऊन, नवं तेल भरून जिवंत केले. पुढचे दोन बसलेही. मागच्या दोनांसाठी मात्र गाडीखाली झोपण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

श्रावणचा नियम पक्का होता. जॅक लावायचा, चाक काढायचं, तेच चाक गाडीखाली आडवं सरकवायचं आणि त्यावर सागाचा जाड ठोकळा ठेवायचा. जॅकनं दगा दिला तरी गाडी ठोकळ्यावर बसेल, माणसावर नाही. ते चाक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चतुराबाई त्याला आत जाऊ देत नसे. त्या दिवशीही तिनं पाहिलं, मगच तो डाव्या बाजूनं आत गेला.

धर्मेंद्र आला होता, आणि बरोबर त्याचे वडील आबाजी. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, उन्हानं चेहरा लाल झालेला. गाडीवर हात फिरवत ते तिच्याभोवती थोडा वेळ फिरले आणि मग चतुराबाईसमोर येऊन म्हणाले, "बाई, थोडं पाणी देता काय?"

चतुराबाई गडबडून गेली. पाणी मागणं ही काय मोठी गोष्ट? पण त्या वयाच्या, तसल्या घरच्या माणसानं तिच्या माठातलं पाणी मागावं, ही तिला मोठी गोष्ट वाटली. तिच्या आईला अशा घरांच्या दारात पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून ओतलेलं. तिनं जॅक पाहिला, चाक पाहिलं, नवऱ्याच्या पायावर थोपटलं. "आवं, मी पाणी आणतो आबाजीले."

"जाय, जाय," खालून आवाज आला.

आत जाऊन तिनं ठेवणीतला ग्लास काढला. स्वच्छ होता, तरी पुन्हा घासला. कोणी नाव ठेवायला नको. तेवढाच काय तो उशीर झाला.

ग्लास भरून ती बाहेर आली आणि जागीच थिजली. चाक गाडीखाली नव्हतं. धर्मेंद्र नळाखाली ते घासत बसला होता, लग्नाच्या फोटोत चमकावं म्हणून; ते खाली कशासाठी ठेवलं होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. सागाचा ठोकळा बाजूला पडला होता. आणि गाडीचं पलीकडचं मागचं दार उघडून आबाजी आत शिरत होते. लहानपणी वडिलांशेजारी जिथे बसायचे, त्याच सीटवर. ते बसले. गाडी डुलली. जॅक कलला.

तेवढ्यात धर्मेंद्रनं वर पाहिलं, चूक त्याच्या लक्षात आली आणि तो ओरडत धावला, "बाबा, उतरा! आधी उतरा!"

"उतरू नका!" असा आवाज आपल्याला आहे हे चतुराबाईला माहीत नव्हतं. "आबाजी, हालू नका! बोटही नका हालवू! धर्मेंद्रभाऊ, गाडीले हात नका लावू!"

आबाजी बसताना गाडी जेवढी हलली, तेवढीच ते उतरतानाही हलणार होती, आणि तिरपा झालेला जॅक तेवढं सोसणार नव्हता. आबाजी तोंड उघडं ठेवून तसेच बसून राहिले. धर्मेंद्रचे हात हवेतच राहिले.

"आवं," ती म्हणाली. "आयकून राहिले काय?"

खालून काहीच नाही. अकोल्याला जसं काहीच नव्हतं, तसंच. पाय ओढून त्याला बाहेर काढावं, तर त्याचा खांदा जॅकला चिकटलेला. ओढलं की संपलंच.

"चाक आणा!"

धर्मेंद्रनं ओलं चाक आणून टाकलं. ग्लास बाजूला ठेवून चतुराबाई जमिनीवर पालथी पडली आणि दोन्ही हातांनी ते इंचाइंचानं आत सरकवू लागली. जॅकला लागू नये, गाडीला लागू नये, त्याच्या बरगडीला लागू नये. ओला रबर हातातून निसटत होता. तिच्या तोंडाशी त्याचा पाय होता. तो पाय थरथर कापत होता. कापतो आहे म्हणजे जिता आहे, एवढंच तेव्हा तिला कळलं आणि हातात बळ आलं. चाक बसलं. त्यावर तिनं ठोकळा चढवला. ठोकळ्यावरून हात काढते न काढते तोच जॅक खाडकन उडाला. गाडी चार बोटं खाली आली आणि ठोकळ्यावर टेकून थांबली.

आत आबाजींनी किंकाळी फोडली. मग खालून बारीक आवाज आला, "चतुरा..."

तिनं आणि धर्मेंद्रनं मिळून त्याला बाहेर ओढलं. पाना अजून त्याच्या मुठीत होता. मूठ उघडता उघडेना. आबाजी काठी टेकत गाडीतून उतरले. बऱ्याच वेळानं तिला ग्लासाची आठवण झाली. तिनं तो आबाजींना नेऊन दिला. निम्मं पाणी अंगावर सांडत त्यांनी ते प्यायलं आणि म्हणाले, "बाई, मले मारून टाकलं असतं तरी चाललं असतं." ती रिकामा ग्लास घेऊन मागे वळली. राग आला होता, पण रागावायला अंगात त्राण उरलं नव्हतं.

डावी बाजू श्रावणनं कशीबशी पुरी केली. उजवी राहिली. धर्मेंद्र हात जोडून म्हणाला, "काका, राहू द्या तो दुसरा. मागे एकच बदलला तरी चालेल."

"चालत नाही," श्रावण म्हणाला. "गाडी वळणावर एका अंगाले फेकते. पोरगी बसणार हाय ना त्यात." मग त्यानं जॅक उजवीकडे नेला. चाक काढलं, आत सरकवलं, ठोकळा ठेवला, वर हात आपटून पाहिला. आबाजी दूर खुर्चीवर काठी धरून पुतळ्यासारखे बसले होते. श्रावण खाली गेला. पाय तेवढे बाहेर राहिले.

चतुराबाई नेहमीच्या जागी बसली. पण हात पुढे नेईना. आज आपला हात भलताच कापणार, नको लावायला, असं म्हणून तिनं दोन्ही हात पदरात गच्च धरून ठेवले आणि नुसती त्या पायाकडे बघत राहिली.

पाय कापत होता.

तिचा हात त्यावर नव्हता. वारं नव्हतं, कोणाचा धक्का नव्हता. पाय आपला आपण कापत होता, नेहमी तिच्या हाताखाली कापायचा अगदी तसाच. चतुराबाईला रडू फुटलं. इतकी वर्षं हा माणूस भीत होता. रोज भीत होता, रोज खाली जात होता, आणि त्या कापऱ्याची लाज मात्र तिच्या हातावर लिहून मोकळा होत होता.

"चतुरा," खालून हाक आली. आवाज कोरडा होता. "हात काहून नाही ठेवला वं आज?"

तिनं डोळे पुसले आणि दोन्ही हात त्याच्या पायावर ठेवले.

मग पान्याचा आवाज सुरू झाला. "पाह्य," तो म्हणाला, "कसा कापून राहिला तुहा हात. लय भेते बा तू."

"हौ," चतुराबाई म्हणाली. "माहाच हात कापते. तुमी करा तुमचं काम."